पाठीखालचं कापड

कापडाचं डिझाइन करते म्हटलं की लोकांना वाटायचं, मी फुलं आणि वेलबुट्ट्या काढत असणार. माझ्या कापडावर एकही फूल नसायचं. मी घामाचं कापड बनवायचे. खेळाडूंच्या टी-शर्टांचं, बनियनांचं; घाम अंगावर राहू न देणारं आणि झटकन वाळणारं निटिंगचं कापड. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या छपराखाली, आमचा गाळा होता आणि त्यात गोल निटिंगची आठ मशीनं होती. एप्रिल-मेमध्ये त्या छपराखाली उभं राहवत नसे. घामाचा अभ्यास करायला याहून बरी जागा मिळायची नाही, असं मी तेव्हा गमतीने म्हणायचे. पुढे ती गंमत मला करवेना.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेला, विरारला मनवेलपाड्यात आईबरोबर राहत होते. गाळ्यात कटिंगला आणि पॅकिंगला पुष्कळ बायका होत्या, पण मशीनच्या बाजूला टेबल टाकून बसणारी बाई मी एकटी. सुरुवातीला कारागीर माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघायचे. मी ग्राफ पेपरवर फुल्या आणि टिंबं मांडून विणीचा नकाशा काढायचे आणि तो हातात घेऊन उभी राहायचे. तो नकाशा मशीनवर खरोखर विणला जाईल की सुया मोडतील, हे एकाच माणसाला कळायचं. ते म्हणजे आमचे निटिंग मास्टर.

मास्टर पन्नाशीचे होते. वटार गावचे, तिथल्या जुन्या शेतकरी घरातले. घरची केळीची आणि मोगऱ्याची वाडी होती, पण ती भावाकडे. हे तरुणपणी होजियरीत शिकले आणि मशीनचेच झाले. चालत्या मशीनच्या अंगावर तळहात ठेवून ते कुठली सुई वाकली आहे ते सांगायचे. बोलायचे फार कमी. माझा नकाशा बघून एक तर "होईल" म्हणायचे किंवा कागद उलटा करून परत द्यायचे. मला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून मॅडम म्हटलं, आणि त्यात टोमणा नव्हता.

आमच्या कामातली मूळ गोष्ट तशी सोपी आहे. घाम कापडातून सरकतो तो तंतूंमधल्या बारीक फटींतून. फटी जेवढ्या बारीक, तेवढी ओढ जास्त. म्हणून अंगाला लागणाऱ्या बाजूला जाड तंतूंचं, पाणी न पिणारं सूत घालायचं आणि बाहेरच्या बाजूला अतिशय बारीक तंतूंचं. दोन्ही सुतं एकाच कापडात विणायची. आतल्या बाजूवर आलेला घाम बाहेरची बाजू ओढून घेते, तिथे तो पसरतो आणि वाऱ्याने उडून जातो. अंगाला लागलेली बाजू कोरडी राहते. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, विणायला मला आणि मास्टरांना दीड वर्ष लागलं.

ते कापड पहिल्यांदा मनासारखं उतरलं तो दिवस मला आठवतो. दिवाळी होऊन गेली होती. मी टेबलावर कापड पसरून ड्रॉपरने एक थेंब सोडला, मनात आकडे मोजले, कापड उलटलं. खालच्या बाजूला तळहाताएवढा ओला डाग पसरला होता आणि वर, जिथे थेंब पडला होता तिथे, बोटाला काही लागत नव्हतं. मास्टर शेजारी उभे होते. त्यांनी बोटाची उलटी बाजू तिथे टेकवली, पुन्हा टेकवली आणि मशीनकडे गेले. मला वाटलं, आवडलं नाही.

दुपारी डबे खाऊन झाल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. आणि त्या दिवशी, दीड वर्षात पहिल्यांदा, त्यांनी घरचं काही सांगितलं. श्रावणात त्यांच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळतं झालं. एका ट्रस्टकडून हवा भरायची गादी आणली होती, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. पण ती रबराची. तिच्यावर माणूस घामाने भिजतो. वर जुन्या सुती साड्यांच्या घड्या घालायचे, त्या घाम पिऊन ओल्याच राहायच्या. आता माकडहाडापाशी कातडी सोलवटली होती. डॉक्टर म्हणाले होते, कूस बदलत राहा आणि पाठ कोरडी ठेवा. कूस बदलणं जमत होतं. दिवसा शेजारची भावजय बघायची, बाकीच्या वेळी ते स्वतः. मुलगी एकच, लग्न होऊन डहाणूला. पाठ मात्र कोरडी राहत नव्हती.

"ह्यातलं रिजेक्ट पडलं असेल तर दीड-दोन मीटर नेऊ का, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, रिजेक्ट नको. हे कापड छातीसाठी आहे, धावणाऱ्या माणसाच्या. झोपलेल्या माणसाला कुठे घाम येतो ते मला बघू द्या, मग वेगळं बनवू. हे बोलताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. आपली विद्या कोणाच्या तरी उपयोगी पडणार, असं बरं वाटणं.

गाळ्याला शुक्रवारी सुट्टी असायची. पुढच्या शुक्रवारी मी वटारला गेले. वाडीत आत गेल्यावर बावखल लागलं, वाडीतलं छोटं तळं, हिरव्या पाण्याचं, कडेला माडांच्या सावल्या. त्याच्या पलीकडे घर. मागच्या खोलीत लोखंडी खाटेवर त्या होत्या. मी त्यांना काकी म्हटलं. त्या मला "बाय" म्हणायच्या, तो शब्द त्यांना नीट उच्चारता यायचा.

मी टिपकागदाचे चौकोनी तुकडे नेले होते, प्रत्येकाचं वजन करून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून. मास्टरांनी आणि त्यांच्या भावजयीने काकींना कुशीवर वळवलं. मी परक्या माणसाची उघडी पाठ इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. खांद्यांच्या पाती, कंबर, बैठक, टाचा अशा जागी मी तुकडे ठेवले, त्यांना उताणं निजवलं आणि तासभर तिथेच बसून राहिले. काकी माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही. मास्टरांनी सांगितलं, "विचारते, परीक्षा कसली घेते म्हनून."

घरच्या बोलण्यात ते 'ण'चा 'न' करायचे. गाळ्यात कधी करत नसत. मला ते त्या दिवशी कळलं.

पुन्हा वजन केलं तर सगळ्यात ओला तुकडा कमरेखालचा निघाला, माकडहाडाच्या वर. त्याप्रमाणे आम्ही कापड बदललं. अंगाकडच्या बाजूला सपाट वीण न ठेवता बारीक उंचवटे आणले, म्हणजे कातडीला कापड थोड्याच ठिकाणी टेकेल. बाहेरची बाजू जास्त दाट केली. डिसेंबरात चादरीएवढा तुकडा तयार झाला. कटिंगमधल्या एकीने त्याच्या कडा ओव्हरलॉक करून दिल्या.

ती चादर चालली. भावजय सांगायची की पूर्वी दिवसातून सहा वेळा घड्या बदलायला लागायच्या, आता दोनदाच. जखमेच्या कडा सुकायला लागल्या. मास्टर एक दिवस माझ्या टेबलावर राजेळी केळ्यांची फणी ठेवून गेले. ते दोन-अडीच महिने आमच्या कामातला सगळ्यात चांगला काळ होता. मी नकाशे काढायचे आणि ते "होईल" म्हणायचे.

मार्चमध्ये हवा बदलली. लोडशेडिंग सुरू झालं, दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. पंखा बंद, गादीत हवा भरणारा पंप बंद. एप्रिलमध्ये मास्टर एका सकाळी मला म्हणाले की जखम परत ओली झाली. मी शुक्रवारी गेले. काकींना वळवलं आणि मी चादर उचलून बघितली. वरची बाजू दमट होती, खालची चिंब. खालच्या रबरावर पाणी साचलं होतं आणि अंगाचा भार पडला की ते पुन्हा वर येत होतं.

चूक माझ्या तिथेच लक्षात आली. मी घाम एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेऊन सोडला होता, पण त्या दुसऱ्या बाजूला वारा नव्हता. धावणाऱ्या माणसाच्या अंगाभोवती वारा असतो. काकींच्या पाठीखाली रबर होतं. कापड घाम सरकवतं, वाळवते ती हवा, हे मला पहिल्या वर्षी शिकवलेलं होतं. डिसेंबरची थंडी होती म्हणून माझी चादर पास झाली होती.

माझं तोंड पडलं असणार. काकी माझ्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "टोपली." मला वाटलं त्यांना काही हवं आहे. त्यांनी डाव्या हाताने चादरीला हात लावला आणि पुन्हा म्हणाल्या, "टोपली. काटक्या." एवढ्यानेही त्यांना दम लागला.

मास्टरांना कळलं. त्यांनी सांगितलं की ही आजारी पडण्याआधी रोज मोगरा घेऊन विरारला विकायला जायची. फुलांवर पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर ती सुकतात. पण ते पाणी टोपलीच्या तळाला साचलं तर खालची फुलं काळी पडतात. म्हणून ती टोपलीच्या तळाशी काटक्या आडव्या-उभ्या रचायची, त्यावर केळीचं पान, भोकं पाडलेलं, आणि मग फुलं. पाणी खाली जायचं आणि काटक्यांमधून हवा खेळायची. तिच्या टोपलीतली फुलं दुपारपर्यंत पांढरी राहायची, असं ते म्हणाले. म्हणताना त्यांनी काकींकडे बघितलं नाही.

"खाली काटक्या घाल म्हनते," मास्टर म्हणाले.

परतताना मी बसमध्ये बसून ग्राफ पेपरच्या मागच्या बाजूला पहिला नकाशा काढला. दोन कापडं, एकावर एक, आणि मध्ये त्यांना जोडणारे उभे, ताठ धागे. अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या जाळ्याला नायलॉनचा एकेरी धागा असतो तसा, फक्त कितीतरी बारीक. वरच्या कापडातून घाम खाली जाईल, आणि उभ्या धाग्यांमुळे मध्ये बोटाच्या निम्म्या जाडीइतकी जागा मोकळी राहील. अंग जरा हललं की त्यातून हवा जाईल-येईल. बाहेरच्या देशांत असं कापड निघत होतं, मी एका मासिकात फोटो पाहिला होता. पण आमच्या गाळ्यात कोणी करून बघितलं नव्हतं, आणि हे पाठीखाली घालायचं मला सुचलं ते फोटोमुळे नाही.

मास्टरांनी नकाशा बराच वेळ बघितला. कागद उलटा केला नाही. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी सुया असलेलं एकच मोठं मशीन होतं. त्याची वरची तबकडी उचलून सुयांच्या दोन रांगांमधलं अंतर वाढवावं लागणार होतं, सूत बदलावं लागणार होतं. मांडायला अर्धा दिवस, पुन्हा मूळ जागी आणायला अर्धा दिवस. "होईल," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात गाळ्याच्या शेठने मोठी ऑर्डर आणली. परदेशातल्या फुटबॉलच्या शर्टांचं कापड, आम्हीच डिझाइन केलेलं, आणि ते त्याच मोठ्या मशीनवर निघायचं. तीन पाळ्यांत मशीन चालवायचं ठरलं. शेठने मला बोलावून सांगितलं की ही ऑर्डर नीट गेली की मला वेगळी लॅब मिळेल. काचेची खोली, एसी, वजनाचा चांगला काटा, वाळण्याचा वेळ मोजायचं यंत्र. मी दोन वर्षं ते मागत होते. मशीनच्या धुरळ्यात उघड्या टेबलावर थेंब मोजण्याचा मला कंटाळा आला होता. मला ती खोली हवी होती.

मी मास्टरांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू. पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, मी म्हटलं, जरा ऑर्डर मार्गी लागू दे. त्यानंतर एकदा त्यांनी विचारलं ते मशीनमध्ये तेल घालताना, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, बघू. मग त्यांनी विचारणं सोडलं.

तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी वटारला गेले नाही. गेले असते तर पाठ बघावी लागली असती. शेठ काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या टेबलापाशी जाऊन एक दिवस मशीन द्या, असं असं कारण आहे, एवढं सांगितलं असतं तर कदाचित हो म्हणाला असता. कदाचित नसताही. ते मला कधीच कळणार नाही, कारण मी विचारलं नाही. ऑर्डरच्या घाईत कापडाची बाई मशीन मागते, तेही मास्टरच्या बायकोसाठी, हे ऐकून त्याचा चेहरा कसा होईल एवढाच विचार मी करत राहिले.

ऑर्डरचा शेवटचा रोल उतरला त्या सकाळी मास्टरांनी कोणाला न विचारता तबकडी उचलायला घेतली. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. पहिल्या दोन तासांत अकरा सुया मोडल्या. तो ताठ धागा सुईच्या आकड्यात बसतच नव्हता. त्यांनी ताण कमी केला, धागा तेलाच्या फडक्यातून घेतला, मशीन अगदी हळू चालवलं. संध्याकाळपर्यंत अडीच मीटर कापड उतरलं. दाबलं की पावाच्या तुकड्यासारखं खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं. आम्ही दोघांनी ते आळीपाळीने दाबून बघितलं. कोणी हसलं नाही.

ते धुऊन, कडा शिवून, शुक्रवारी मी आणि मास्टर घेऊन गेलो. मे महिना होता, वीज नव्हती. काकी फार बारीक झाल्या होत्या. त्यांना वळवल्यावर मी जखम एकदाच बघितली आणि मग नजर हातातल्या टिपकागदावर ठेवली. ती आता नुसती कातडीची जखम राहिली नव्हती. अंगात तापही होता. जुनी चादर काढली, नवं कापड घातलं, वर त्यांना निजवलं. मी सवयीने तुकडे ठेवले होते. तासाभराने काढून बघितले तर कमरेखालचा तुकडा जवळजवळ कोरडा होता. खालच्या रबरावरही पाणी नव्हतं. माझ्या आजवरच्या कामातला तो सगळ्यात चांगला निकाल होता.

काकींनी डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपल्या. मग त्या म्हणाल्या, "गार." अगदी स्पष्ट. हा शब्द मास्टरांना मला समजावून सांगावा लागला नाही.

पण ताप उतरला नाही. जखमेतला जंतुसंसर्ग रक्तात गेला असं डॉक्टर म्हणाले. दोन आठवड्यांनी त्यांना इस्पितळात हलवलं. मास्टरांनी ते कापडही बरोबर नेलं होतं. तिथल्या नर्सने ते काढून बाजूला ठेवलं आणि नेहमीचं रेक्झिन घातलं, त्यांच्याकडचा तसा नियम होता. त्यावर काकी चार दिवस होत्या. हे मला त्यांच्या भावजयीने सांगितलं, मी भेटायला गेले तेव्हा. काकी जाऊन तेव्हा एकच दिवस झाला होता. मी मास्टरांसमोर बसले आणि उठून आले.

दिवस-वार झाल्यावर मास्टर कामावर आले. ते नसताना गाळ्यात एक गोष्ट घडून गेली होती. त्या कापडाचा उरलेला तुकडा माझ्या टेबलावर होता. शेठ येता-जाता थांबला, अंगठ्याने दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. दोनच दिवसांनी तो बूट बनवणाऱ्या एका पार्टीला घेऊन आला. पार्टीनेही दाबून बघितलं. बुटाच्या आतल्या अस्तरासाठी, पाय गार राहतो म्हणून, त्यांना तेच हवं होतं. "ही आमच्या मॅडमची आयडिया," शेठ त्यांना म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तुकडा हातात घेतला, तो कसा विणलाय ते समजावून सांगितलं, हवा कशी खेळते ते सांगितलं. टोपलीचं काही सांगितलं नाही. आधी वाटलं, या लोकांना काय सांगायचं. नंतर वाटलं, आता उशीर झाला. दोन्ही वेळा गप्प राहणं सोपं होतं.

आणि म्हणून मास्टर परत आले त्याच आठवड्यात त्यांना मोठं मशीन पुन्हा मांडायला सांगितलं गेलं. तेच अंतर, तेच सूत, तोच धागा. मला ते आदल्या दिवशी कळलं. मी सकाळी लवकर गेले. ते आधीच आले होते आणि तबकडीचे बोल्ट सैल करत होते. मी म्हटलं, मास्टर, हे तुम्ही नका करू, मी शेठना सांगते, दुसऱ्या कोणाला लावू.

"दुसरा सुया मोडेल," ते म्हणाले आणि काम करत राहिले.

मी तिथेच उभी राहिले. बाकीची मशीनं अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे शांत होतं. मग मी ते बोलून टाकलं, जे महिनाभर माझ्या डोक्यात चालू होतं. की त्या तीन आठवड्यांत मी शेठना विचारायला हवं होतं. मला लॅब हवी होती म्हणून मी विचारलं नाही. कापड तेव्हाच मिळालं असतं तर जखम एवढी वाढली नसती.

मास्टरांनी पाना खाली ठेवला. हात फडक्याला पुसले, सावकाश, एकेक बोट.

"मला ठाऊक होतं, मॅडम," ते म्हणाले. "पन मशीन मीच चालवत होतो ना. तिन्ही आठवडे. त्या शर्टांचं कापड मीच काढत होतो. मला बंद करता आलं असतं. मीपन बोललो नाही."

गाळ्यात त्यांनी 'पन' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी म्हटलं, तुम्हाला नोकरीची भीती होती. ते म्हणाले, नाही, भीती नव्हती. मग म्हणाले की घरी जखम, आणि इथे आलं की मशीन नीट चालतंय, एकही धागा तुटत नाही. आठ तास तेवढंच बघायचं, तर बरं वाटायचं. ते बंद करावंसं वाटलं नाही.

त्यांनी पाना उचलला. त्या दिवशी एकही सुई मोडली नाही.

दिवाळीच्या सुमाराला मास्टर नोकरी सोडून गेले. मला आधी सांगितलं नव्हतं. शेवटच्या दिवशी टेबलापाशी येऊन, येतो म्हणाले. त्यांच्या जागी दुसरे आले, ते चांगले होते, पण मशीनवर हात ठेवून ऐकायचे नाहीत. मला काचेची खोली मिळाली. एसी होता, काटा होता. पाच-सहा वर्षं मी तिथे काम केलं आणि बरीच कापडं केली. मुलाखतीत किंवा कोणी पाहुणा आला तर मी सगळ्यांत आधी ते जाड कापड दाखवायचे, दाबून. कोणी विचारलं कसं सुचलं, तर एक-दोनदा मी टोपलीचं सांगूनही बघितलं. लोकांना ते आवडायचं. मी सांगायचे तेव्हा त्यातून काकींची पाठ आपोआप गळून पडायची आणि राहायचा तो फक्त मोगरा. मग मी सांगणं बंद केलं.

मास्टर मला त्यानंतर एकदाच भेटले, नालासोपाऱ्याच्या बस स्टँडवर. केस सगळे पांढरे झाले होते. हातात फवारणीच्या पंपाचा सुटा भाग होता, दुरुस्त करून आणलेला. वाडीच बघतो म्हणाले. माझ्या आईची चौकशी केली. मग विचारलं, बुटाचं कापड अजून निघतं का. मी सांगितलं, नाही, दोन वर्षांपूर्वी बंद झालं, त्या पार्टीला बाहेरून स्वस्तात मिळायला लागलं.

"बरं झालं," ते म्हणाले.

मला वाटलं आणखी काही म्हणतील. त्यांची बस लागलेली होती. मला हात करून ते चढले आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसले, त्यामुळे बस निघेपर्यंत मला त्यांची पाठच दिसत होती. सुती सदरा होता, दोन्ही खांद्यांच्या मध्ये भिजून अंगाला चिकटलेला.